पांढरीची माती

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची चाल आहे. सोन्यानाण्याच्या आणि चोपड्यांच्या शेजारी शिंदीच्या पानांची ती केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर बसते. ही चाल मला फार आवडते. ज्या साधनाने घाण निघते त्याची पूजा करणाऱ्या आपल्या पूर्वजांना संसाराचे काही मर्म कळले असले पाहिजे. परंतु मौज अशी, की केरसुणीची पूजा सांगणाऱ्यांनी केराविषयी मात्र काहीच सांगितलेले नाही. मध्यरात्री सूप वाजवीत, घर झाडीत अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालवावे, एवढेच सांगितले. उंबऱ्याबाहेर गेल्यावर तिने कोणाच्या दारात जाऊन बसावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कदाचित तो विचारण्याचे त्या काळी कारणही नसेल. आज आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्या घरची झाडलोट नुकतीच उरकलेली असेल. माळ्यावरून काय काय निघाले आणि ते कुठे गेले, याची आठवण ताजी असेल. फराळाचे ताट पुढे असताना असला विषय काढतो म्हणून गृहिणींनी रागावू नये. केर हा विषय त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाच्याच जिव्हाळ्याचा नाही, आणि पुढे मी जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्यांना आधीच माहीत आहे.

माझा धंदा मास्तरकीचा. दहावीपुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकलेची परीक्षा देऊन एका तालुक्याच्या गावी शाळेत लागलो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तत्त्वज्ञानावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण चित्रकला आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या मास्तराची एका तत्त्वाशी रोज गाठ पडते. ते तत्त्व म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ'. मराठी शाळेत बसलेल्या प्रत्येकाने हे शब्द कधी ना कधी ऐकले आहेत. करवंटीचा मोर, आगकाड्यांची झोपडी, फुटक्या बांगड्यांचे तोरण, रद्दीचा लगदा करून त्यात मेथीची पूड घालून केलेली टोपली हे सारे या तत्त्वाचे पुत्रपौत्र. शाळेने हे तत्त्व शोधून काढलेले नाही. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आणि कोंड्याचा मांडा करणाऱ्या आज्यांकडून ते उसने घेतले आणि त्याला एक तास दिला, इतकेच.

अलीकडे या तासाला एक नवे काम आले आहे. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, आणि तिच्यात बिस्किटांची, वेफर्सची, शांपूची, दुधाची वेष्टने धुऊन वाळवून काठीने ठासून ठासून भरायची. लिटरच्या बाटलीत शंभराहून अधिक वेष्टने मावतात. बाटली हाताने दाबली जाईनाशी झाली, की झाकण लावायचे. ही झाली वीट. अशा बाटल्या आडव्या रचून, मधल्या फटींत चिखल किंवा सिमेंटचा माल भरून कट्टे होतात, झाडांचे पार होतात, कुंपणे होतात, क्वचित भिंतीसुद्धा उभ्या राहतात. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला मुलांनी असाच एक कट्टा बांधायला घेतला होता. प्रत्येकाने एक बाटली आणायची होती. एका मंगळवारी सातवीतली एक मुलगी भरलेली बाटली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, "सर, माझी बाटली भरतच नव्हती. आमच्याकडे वेफर्स कुणी खात नाही ना! मग मी बाबांना रोज दोन-दोन पाकिटं आणायला लावली."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. ती मुलगी गंमत करीत नव्हती. तिने हिशेब सांगितला होता, आणि तो चोख होता. विटेला कचरा लागतो, घरात कचरा नाही, सबब कचरा केला पाहिजे. ज्या घरात मुळात दोष नव्हता त्या घराला, दोषाचे परिमार्जन करता यावे म्हणून, आम्ही तो दोष करायला लावला होता. आणि वर तिला शाबासकीचा तारा द्यायचा की नाही, हा पेच मास्तरापुढे होताच. मी तारा दिला. बारा वर्षांच्या पोरीने केलेली मेहनत ही मेहनतच असते.

पण तो हिशेब डोक्यातून जाईना. आपण टाकलेल्या वस्तूचा कोणी उपयोग शोधून काढला, म्हणजे टाकण्यातला दोष नाहीसा होतो काय? प्रायश्चित्त स्वस्त झाले की पाप धीट होते, हे समजायला शास्त्र्याची गरज नाही. कापडी पिशवी घेऊन बाजारात जाणारा मनुष्य, 'हल्ली प्लॅस्टिकचे रस्ते करतात म्हणे' एवढे ऐकून पिशवी घरी विसरू लागतो, हे मी आमच्याच गल्लीत पाहतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. ती किती पाळली जाते, हे वाचकांनी आपापल्या स्वयंपाकघराच्या दारामागे पाहावे.

हा प्रश्न मला हवेत सोडवता येत नाही. त्यासाठी थोडे मातीत उतरले पाहिजे, आणि ती माती लांबची नाही.

देशावरच्या जुन्या कागदपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' अशी जोडी येते. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव जिथे वसले ती जागा. लहानपणी मला वाटे, की पूर्वजांनी गाव वसवायला मुद्दाम पांढरी जमीन निवडली असावी. गोष्ट उलटी आहे. जागा मूळची तशी नव्हती. माणसे तिथे राहिली म्हणून ती पांढरी झाली. रोजची चुलीतली राख, सारवणाचे पोपडे, पावसाने विरघळलेल्या भिंती, गुरांच्या पायदळी गेलेले भुसकट, हाडके, फुटकी गाडगी असे सगळे त्याच जागी पडत राहिले. एक घर पडले की त्याच्याच ढिगाऱ्यावर दुसरे उठले. अशी शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षे गेली आणि काळ्या रानात एक राखेच्या रंगाचे टेकाड वर आले. आपण ज्याला गाव म्हणतो तो एका अर्थाने संसाराच्या केराचाच ढीग आहे. हे मी कमीपणाने म्हणत नाही.

ही टेकाडे संशोधकांनी उकलून दाखविली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-५१ साली जोर्वे येथे आणि १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला पांढरीची उत्खनने केली. पुढे १९६८ ते १९८३ अशी तब्बल पंधरा वर्षे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डॉ. म. के. ढवळीकर आणि इतर मंडळी खणीत होती. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे सापडली. घरांत चुली, जळके धान्य, जनावरांची हाडे, खापरे. आणि घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले. त्या माणसांची नावे आपल्याला कळलेली नाहीत, त्यांचे एक अक्षरही मागे उरलेले नाही. ती काय पेरीत, काय खात, हे सगळे त्यांच्या केराने सांगितले.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पांढरी माती गावकरी पुन्हा घरांना वापरीत आले आहेत. काळ्या मातीचे घर होत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पांढरी माती बारीक, राख आणि चुन्याचा अंश असलेली, तिला तशा भेगा पडत नाहीत. म्हणून मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरकडे माळवदाच्या घरांवर हीच माती घालतात. भिंतींवर तुळया, तुळयांवर किलचांचा दाट थर, त्यावर पाला-पाचट, आणि सर्वांवर पांढरीचा थर देऊन तो चोपून बसवायचा, उजेडासाठी तेवढे एक साणे ठेवायचे. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर चढून गवत उपटायचे आणि नव्या मातीचा हात द्यायचा. ती माती आणायची कुठून? गावच्या पडक्या गढीतून, नाहीतर जुन्या टेकाडातून. म्हणजे खापरपणज्याच्या चुलीची राख पणतवंडाच्या डोक्यावरचे छप्पर होते. भिंतीच्या चिखलात भुसा आणि तूस पायाने तुडवून कालवतात आणि तो चिखल मुरू देतात. भुशाच्या काड्या भिंतीला तडकू देत नाहीत. वर शेणाचे सारवण. कोकणात आणि गोव्यात याचीच दुसरी तऱ्हा होती. समुद्रातले शिंपले भाजून त्यांचा चुना करीत, म्हणजे खाण्यातून जे उरे त्याच जातीच्या वस्तूने भिंतीचे सांधे भरत.

घरच्या केरातून बांधकामाचे साहित्य करण्याची ही युक्ती कोणी शोधून काढली, तिला कोणते पारितोषिक मिळाले, असे काही नाही. तिला नावसुद्धा नव्हते.

इथे मला 'टाकाऊतून टिकाऊ' या शब्दांतली एक खोच प्रथम दिसली. वर्षानुवर्षे फळ्यावर लिहूनही ती ध्यानात आली नव्हती. हे शब्द असे गृहीत धरतात, की जे टाकतो ते नासणारे असते आणि मनुष्य आपल्या हाताने त्याला टिकवतो. राख उडून जाणारी, शेण वाळून चुरा होणारे, भुसा कुजणारा. त्यांना एकत्र आणून माणसाने भिंत केली. ती भिंतही काही अमर नव्हती. वर्षाला सारवण मागे, दहा वर्षांनी डागडुजी मागे, आणि घर सोडले की चार पावसाळ्यांत पुन्हा माती होऊन बसे, पुढच्याच्या कामाला यायला तयार. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, असे आपण म्हणतो. ती फिटत असे, कारण उकिरड्यावर जे पडे त्याला बारा वर्षे पुरत.

त्या मुलीच्या बाटलीत जे ठासले होते त्याला बारा वर्षे पुरत नाहीत. तिने खाल्लेले वेफर्स पाच मिनिटांत संपले, आणि ज्या पाकिटातून ते आले ते तिच्या नातवंडांपेक्षा जास्त टिकेल. तेव्हा आमच्या तासाचे तत्त्व डोक्यावर उभे राहिले आहे. आज टाकाऊ हेच सर्वांत टिकाऊ आहे, आणि जे टिकावे असे वाटते, ती खुर्ची, ते कपाट, ती मोटार, ते टाकाऊ व्हावे म्हणूनच बनविलेले असते. अशा वस्तूला आम्ही टिकाऊ करीत नाही. ती आधीच टिकाऊ असते. आम्ही फक्त तिला बसायला एक जागा देतो.

पण मास्तरलोकांना जुन्याचे गोडवे गाण्याची सवय असते, आणि कादंबरीकारांना त्याहून अधिक. म्हणून दोन गोष्टी इथेच सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे निजली होती तेव्हा, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. पृथ्वी हलली हे खरे, परंतु माणसे मेली ती मुख्यतः घरांनी. मातीत बसविलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर वर्षानुवर्षे थर चढत गेलेली मातीची माळवदे. ज्या छपराचे मी आत्ता कौतुक केले, तेच झोपलेल्या लेकरांवर आले. पुढे माळवदावरची माती कमी करा, भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवा, असे लोकांना सांगावे लागले. पूर्वजांच्या राखेचे ओझे किती पेलवते, हाही हिशेब करावाच लागतो.

दुसरी गोष्ट गावकुसाची. पांढरी ही सगळ्या गावाची कधीच नव्हती. महारवाडा, मांगवाडा कुसाबाहेर. मेलेले ढोर ओढायचे, गावची घाण काढायची, ती ज्यांनी, त्यांना पांढरीत घर नव्हते. मोडलेल्या गावकुसाची डागडुजी हेही त्यांच्याच वतनी कामांत मोडे. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले, ती त्यांनीच लिंपायची! ती वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने गेली. तेव्हा जुन्या गावात काहीच वाया जात नव्हते, असे जो म्हणेल त्याने माणसे सोडून, एवढे पुढे जोडावे.

माझे शेजारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. संध्याकाळी कट्ट्यावर मी हे सगळे त्यांच्यापुढे मांडले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुमची नीती मला मान्य. पण देवनारला जाऊन या एकदा. मुंबईचा कचरा १९२७ पासून तिथे पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला, तर धूर वरून उपग्रहाला दिसला. तो डोंगर तुमच्या विचाराने एक पाटीभर तरी कमी होईल का? मदुराईच्या कॉलेजातले राजगोपालन वासुदेवन. त्यांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला, तो वितळून खडीला चिकटला, वर डांबर घातलं. रस्ता पाण्याला दाद देत नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही काय, तो चुरा तसाच उडू द्या म्हणता?"

अण्णांना उत्तर देणे सोपे नसते, कारण त्यांनी हातात ओळंबा धरला आहे. मी त्यांना एवढेच विचारले, की बाटल्यांच्या भिंतीला आग लागली तर? ते म्हणाले, "चांगलं दोन बोटं प्लॅस्टर हवं. उघडी बाटली उन्हानं ठिसूळ होते, आणि जळाली तर धूर वाईट. राहत्या घराला मी वापरणार नाही. पाराला, कुंपणाला चालेल." आणि थोडे थांबून म्हणाले, "ती भिंत पाडायची वेळ येईल तेव्हा मात्र पंचाईत आहे. विटेचे तुकडे भरावात जातात. हिचं काय करायचं, ते पाडणाऱ्यानं बघायचं."

पाडणाऱ्याने बघायचे! मला वाटते, सगळा प्रश्न या दोन शब्दांत आला. पांढरीच्या भिंतीने पाडणाऱ्यासाठी माती ठेवली होती. आमचा कट्टा पाडणाऱ्यासाठी वेफर्सची पाकिटे ठेवणार आहे, आम्ही ठेवली तशीच, रंगसुद्धा न उडालेली.

तरी अण्णांचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि खोडायचेही नाही. ढीग पडलेला आहे. तो नाहीसा होत नाही. त्यातून रस्ता, फरशी, कट्टा, जे होईल ते करावे, चांगले करावे, आणि करणाऱ्याचा गौरवही करावा. माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. या कामाला आपण जो सूर लावतो तो दानाचा सूर आहे. शाळेच्या भिंतीवर फलक लागतो, फोटो निघतो, पाहुणे म्हणतात 'केवढे पुण्याचे काम!' वास्तविक हे कर्जाच्या फेडीचे काम आहे. बापाने काढलेले कर्ज मुलगा फेडतो तेव्हा आपण त्याला प्रामाणिक म्हणतो, दानशूर म्हणत नाही. आणि एका हाताने फेडता फेडता दुसऱ्या हाताने नवे कर्ज काढणाऱ्याला काय म्हणतात, ते गावातल्या कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला विचारावे. शब्दाचा एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या मुलीला आम्ही 'पुण्य' शिकवले होते, म्हणून तिने ते अधिक करायचा प्रयत्न केला. 'फेड' शिकवली असती, तर आपल्या घरात कर्जच नाही हे तिला आनंदाने सांगता आले असते. पुढच्या वर्षी मी वर्गाला तसेच सांगितले, की ज्याची बाटली भरणार नाही त्याने रिकामीच आणावी, तिला वेगळा तारा मिळेल. त्या वर्षी कट्टा अर्धाच झाला. मुख्याध्यापकांना ते फारसे रुचले नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या घरात होती, ती मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. ज्या हाताने केर काढला त्याच हाताला त्याचे पुढे काय करायचे ते ठाऊक असे. राख एका बाजूला, शेण एका बाजूला, खरकटे गुराला. आईला हे कोणी शिकवले नव्हते. आज मी पिशवीला गाठ मारतो आणि दाराबाहेर ठेवतो. ती गाठ सोडणारा हात दुसऱ्या कोणाचा असतो. बिस्किटाचे वेष्टन, कालची आमटी, दाढीचे पाते आणि औषधाची बाटली मी एकत्र बांधलेली असतात. ती बाई ते हाताने निवडते. पुण्यात अशा कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली आपली कष्टकरी पंचायत उभी केली, 'आम्ही चोर नाही, आम्ही काम करतो' हे शहराला सांगितले, ओळखपत्रे मिळविली, आणि पुढे घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. आपण ज्याला टिकाऊ वस्तू म्हणतो तिचा पहिला हात या बायांचा असतो. विटेचे यंत्र नंतर येते. फोटोत त्या नसतात.

गावकूस गेले असे आपण समजतो. माझ्या दाराबाहेर ठेवलेली ती गाठ मारलेली पिशवी पाहिली, की मला तेवढी खात्री वाटत नाही.

या विषयावर मुलांशी बोलावे तर ती कधी कधी आपल्यापुढे असतात. दिवाळीत आमच्या गल्लीतली पोरे किल्ला करतात. त्याचे सामान मी मुद्दाम पाहिले. विटांचे तुकडे, फाटके पोते, चाळ तोडली तिथली माती, वर हळीव पेरलेला. सगळे टाकलेले. तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडतात, पोते झाडून ठेवतात, विटा कोपऱ्यात रचतात, माती कुंड्यांत जाते. एकदा एकाने तळे करायला थर्माकोलचा तुकडा आणला होता. किल्ला मोडताना तोच तेवढा उरला, आणि चार मुले त्याच्याभोवती बराच वेळ उभी होती.

गेल्या उन्हाळ्यात आत्याच्या गावी गेलो होतो. मराठवाड्यातले लहान गाव, तिचे घर अजून माळवदाचे. मुलगा सिमेंटचा स्लॅब टाकू म्हणतो, आत्या म्हणते, मी आहे तोवर राहू दे, उन्हाळ्यात तू तरी कुठे निजतोस? छतावरची माती तिने भूकंपानंतर निम्मी उतरवून घेतली आहे. पण पाऊस जवळ आला, की वरून एक पातळ हात द्यावाच लागतो. गडी गढीच्या उतारावरून दोन गाड्या पांढरी घेऊन आला आणि अंगणात चाळू लागला. मी ओट्यावर बसून बघत होतो. चाळणीवर पूर्वी खडे आणि खापरे राहायची. या वेळी प्रत्येक पाटीमागे गुटख्याच्या पुड्या निघत होत्या, शांपूच्या, बियाण्याच्या पिशवीच्या चिंध्या, सलाईनच्या नळीचा एक तुकडा. वरच्या हात-दोन हात मातीत हेच आहे, तो म्हणाला, खाली चांगली लागते.

तासाभराने माती एका बाजूला झाली आणि दुसऱ्या बाजूला हा रंगीत ढीग.

"मास्तर, हे कुठं टाकू?" त्याने मला विचारले. शिकलेला म्हणून मला विचारले असावे.

मी काही बोलायच्या आत आत्या आतून म्हणाली, "आधी माती चढव वर. आभाळ आलंय." मग बाहेर येऊन तिने त्या ढिगाकडे एकदा पाहिले आणि वाऱ्याने उडून रानात जाऊ नये म्हणून त्यावर एक दगड ठेवायला लावला.